खिशातील काच : महागड्या स्मार्टफोनच्या घडणीचा, टिकाऊपणाचा आणि स्क्रीनचा इतिहास

१/ १८ जून २००७. पहिला आयफोन दुकानांत येण्यास अवघे अकरा दिवस उरले होते. त्या दिवशी ॲपलने एक प्रसिद्धिपत्रक काढले : फोनचा संपूर्ण दर्शनी भाग आता प्लॅस्टिकऐवजी काचेचा असेल. ९ जानेवारीला सॅन फ्रान्सिस्कोत जाहीर झालेल्या फोनची स्क्रीन प्लॅस्टिकची होती. मधल्या काही महिन्यांत हा निर्णय फिरला, आणि पुढची जवळजवळ दोन दशके महागड्या फोनचा इतिहास हा काचेचा इतिहास झाला.

२/ घडण, टिकाऊपणा आणि स्क्रीन या तीन निकषांवर महागड्या फोनची तुलना आजही होते. कोष्टकात हे तीन रकाने शेजारी शेजारी, पण स्वतंत्र असतात. इतिहास मात्र वेगळे सांगतो. एका रकान्यातील कमाई बहुतेक वेळा दुसऱ्या रकान्यातून वजा झालेली आहे. ती वजाबाकी कोणाच्या खिशातून झाली, हा या धाग्याचा विषय.

३/ प्रारंभ १९९४ पासून. आयबीएमचा 'सायमन' हा स्पर्शाने चालणारी स्क्रीन असलेला पहिला विक्रीयोग्य स्मार्टफोन मानला जातो. किंमत करारासह ८९९ डॉलर, वजन अर्ध्या किलोच्या घरात, स्क्रीन एकरंगी. सुमारे ५० हजार नग विकले गेले. महागडा फोन म्हणजे त्या काळी दिसणे नव्हे, तर करता येणारी कामे.

४/ २००० मध्ये आलेला नोकिया ३३१० याच्या उलट टोकाचा. स्क्रीन ८४ गुणिले ४८ बिंदूंची. बाहेरून प्लॅस्टिकचे कवच, तेही बदलता येणारे. हा फोन अभेद्य असल्याची दंतकथा आजही विनोदांतून जिवंत आहे. तिच्यामागचे कारण साधे होते : फुटण्यासारखी काच त्यात फारशी नव्हती. स्क्रीन लहान होती म्हणून तो फोन टणक होता.

५/ आता थोडे मागे, १९५२ कडे. अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीत डॉन स्टूकी हे संशोधक काचेचा एक तुकडा ६०० अंश सेल्सिअसला तापवत होते. भट्टी बिघडली आणि तापमान ९०० अंशांवर गेले. काच वितळून गेली असेल असे त्यांना वाटले. हाती आला तो दुधी पांढरा तुकडा. तो चिमट्यातून निसटून खाली पडला, पण फुटला नाही.

६/ त्या अपघातातून स्वयंपाकाची भांडी जन्माला आली. कंपनीला मात्र आणखी मजबूत, तरीही पारदर्शक काच हवी होती. १९६२ मध्ये 'केमकोर' नावाने ती जाहीर झाली. तिची युक्ती रसायनाची होती. काच सुमारे ४०० अंशांच्या वितळलेल्या पोटॅशियम क्षारात बुडवायची. काचेतील लहान सोडियम आयन बाहेर पडतात आणि त्यांच्या जागी मोठे पोटॅशियम आयन शिरतात.

७/ लहान जागेत मोठा पाहुणा बसला की दाटी होते. काचेच्या पृष्ठभागावर हीच दाटी कायमचा दाब निर्माण करते. तडा जाण्यासाठी काच ताणली जावी लागते. येथे तो ताण आधी या दाबावर मात करील तेव्हाच तडा पुढे सरकणार. तंत्र अप्रतिम होते, पण मोठी बाजारपेठ मिळाली नाही. १९७१ मध्ये हा प्रकल्प बासनात गेला.

८/ ३६ वर्षांनी हीच विद्या कामी आली. न्यूयॉर्क टाइम्सने २०१२ मध्ये दिलेल्या वृत्तान्तानुसार, खिशातील किल्ल्यांनी नमुना फोनच्या प्लॅस्टिक स्क्रीनवर ओरखडे पडलेले पाहून स्टीव्ह जॉब्स यांनी काचेचा आग्रह धरला. केंटकीतील हॅरड्सबर्ग येथील कॉर्निंगचा कारखाना या कामाला जुंपला गेला. पुढे ही काच 'गोरिला ग्लास' म्हणून ओळखली जाऊ लागली.

९/ येथे एक बारकावा महत्त्वाचा. ओरखडा न पडणे आणि पडल्यावर न फुटणे हे दोन वेगळे गुण आहेत. प्लॅस्टिक ओरखडते, पण सहसा फुटत नाही. काच ओरखड्याला दाद देत नाही, पण कठीण फरशीवर कोपऱ्यावर आपटली की तडकते. २००७ च्या निर्णयाने एक दोष गेला आणि दुसरा आला.

१०/ खरी तुलना सुरू झाली ती २०१० च्या जूनमध्ये. एकाच महिन्यात दोन फोन आले : ॲपलचा आयफोन ४ आणि सॅमसंगचा गॅलेक्सी एस. पुढच्या दशकातील बहुतेक वादांची बीजे या जोडीत सापडतात.

११/ आयफोन ४ : पुढे काच, मागे काच, मध्ये पोलादी पट्टी. वजन १३७ ग्रॅम. साडेतीन इंचांत ९६० गुणिले ६४० बिंदू, म्हणजे इंचाला ३२६. नेहमीच्या अंतरावरून डोळ्याला सुटा बिंदू ओळखता येत नाही, असा दावा करून या स्क्रीनला 'रेटिना' हे नाव देण्यात आले. अक्षरे छापील पुस्तकासारखी रेखीव दिसत.

१२/ गॅलेक्सी एस : प्लॅस्टिकची पाठ, काढता येणारी बॅटरी, वजन सुमारे १२० ग्रॅम. चार इंचांत ८०० गुणिले ४८० बिंदू. रेखीवपणात तो मागे होता, पण त्याची स्क्रीन एमोलेड होती. तिच्यातील प्रत्येक बिंदू स्वतः प्रकाश देतो. काळा रंग दाखवायचा तर तो चक्क विझतो. आयफोनच्या एलसीडीत मागून सतत दिवा जळत असल्याने काळा रंग करडा भासे.

१३/ या स्वयंप्रकाशी तंत्राचा पाया कोडॅकच्या प्रयोगशाळेतील चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात आहे. मात्र त्यातील सेंद्रिय पदार्थ वापराने झिजतात, निळा रंग इतरांपेक्षा लवकर. एकच चित्र फार काळ राहिले की त्याची छाया स्क्रीनवर उमटू शकते. टिकाऊपणाचा प्रश्न केवळ फुटण्याचा नसतो, तो असा हळूहळू झिजण्याचाही असतो.

१४/ त्या उन्हाळ्यात देखण्या फोनलाच अडचण आली. आयफोन ४ ची पोलादी पट्टी हाच त्याचा अँटेना होता. डाव्या बाजूच्या खाचेवर हात टेकला की सिग्नल खाली येई. १६ जुलै २०१० रोजी ॲपलने खास पत्रकार परिषद घेऊन ग्राहकांना मोफत कव्हर देऊ केले. घडणीचा अभिमान असलेला फोन रबरी कडेत झाकावा लागला.

१५/ त्या काळी परीक्षक सॅमसंगच्या प्लॅस्टिकला 'स्वस्त' म्हणून हिणवीत. २०१४ चा गॅलेक्सी एस५ पाहा : प्लॅस्टिकची पाठ, काढता येणारी बॅटरी, मेमरी कार्डाची सोय, वर पाण्याविरुद्ध आयपी६७ मानांकन. २०१५ चा एस६ : दोन्ही बाजूंना काच, धातूची कड. बॅटरी बंदिस्त झाली, कार्ड गेले आणि पाण्याचे मानांकनही गेले. तरीही 'अखेर महागडा फोन महागडा दिसू लागला' असाच सूर उमटला.

१६/ पुढच्याच वर्षी एस७ मध्ये पाण्याचे संरक्षण आणि कार्ड परतले. हाताने काढता येणारी बॅटरी मात्र या मालिकेत पुन्हा आली नाही. धातूची बाजूही निर्दोष नव्हती : २०१४ चा पातळ आयफोन ६ प्लस खिशात वाकल्याच्या तक्रारी गाजल्या, आणि २०१५ च्या ६एस मध्ये अधिक मजबूत ॲल्युमिनियम मिश्रधातू वापरला गेला.

१७/ ओरखड्यांवर कायमचा उपाय म्हणून नीलमणी काचही आजमावली गेली. मोहस् मापावर तिचा काठिण्यांक ९. नोव्हेंबर २०१३ मध्ये ॲपलने जीटी ॲडव्हान्स्ड टेक्नॉलॉजीज या कंपनीशी ५७.८ कोटी डॉलरच्या आगाऊ रकमेचा करार केला. ॲरिझोनातील मेसा येथे भट्ट्या उभ्या राहिल्या. ऑक्टोबर २०१४ मध्ये जीटी दिवाळखोरीत गेली. आयफोनची मुख्य स्क्रीन नीलमण्याची कधीच झाली नाही.

१८/ २०१७ चा आयफोन एक्स म्हणजे दोन परंपरांचा संगम. काचेची पाठ ॲपलची, तर ओलेड स्क्रीन सॅमसंगने बनवलेली. काचेच्या पाठीला व्यावहारिक कारणही होते : बिनतारी चार्जिंग धातूच्या पाठीतून नीट होत नाही. किंमत अमेरिकेत ९९९ डॉलर, भारतात ८९,००० रुपये. आणि विमा नसेल तर अमेरिकेत स्क्रीन बदलण्याचे २७९ डॉलर, इतर मोडतोडीचे ५४९ डॉलर.

१९/ हे आकडे या इतिहासातील सर्वांत बोलके साधन आहे. देखणेपणा फोनसोबत एकदाच विकला जातो. नाजूकपणाची किंमत नंतर वसूल होते. काचेच्या पाठोपाठ फोनचा विमा, टेम्पर्ड ग्लास आणि कव्हर यांची आणखी एक बाजारपेठ उभी राहिली. काचेचे सौंदर्य खरेदी करून ते झाकून ठेवण्याची रीत रूढ झाली.

२०/ पाण्याच्या दाव्यांचीही उलटतपासणी झाली. मानांकनाची चाचणी स्वच्छ, गोड्या पाण्यात होते. समुद्र आणि जलतरण तलाव वेगळे. इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने २०२० मध्ये ॲपलला १ कोटी युरोंचा दंड केला. पाणीरोधकतेचा प्रचार करायचा आणि पाण्याने झालेले नुकसान हमीतून वगळायचे, यावर त्याचा आक्षेप होता. २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियातील न्यायालयाने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल सॅमसंगच्या तेथील कंपनीला १.४ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला.

२१/ २०१९ मध्ये इतिहासाने एक वळसा पूर्ण केला. घडी घालता येणाऱ्या गॅलेक्सी फोल्डची किंमत १,९८० डॉलर, आणि स्क्रीनचा वरचा थर प्लॅस्टिकचा! काही परीक्षकांनी तो संरक्षक कागद समजून सोलून काढला आणि स्क्रीन निकामी झाली. एप्रिलमधील विक्री सप्टेंबरवर गेली. २०२० च्या झेड फ्लिपमध्ये अतिपातळ काच आली, तरी तिच्यावर प्लॅस्टिकचा थर राहिलाच.

२२/ धातूंची फॅशनही अशीच फिरली. २०२३ मध्ये आयफोन १५ प्रो आणि जानेवारी २०२४ मध्ये गॅलेक्सी एस२४ अल्ट्रा टायटॅनियमची मिरवणूक घेऊन आले. २०२५ मध्ये आयफोन १७ प्रो पुन्हा ॲल्युमिनियमकडे वळला, कारण ते उष्णता अधिक चांगली वाहून नेते. म्हणजे 'श्रेष्ठ' धातू असा कोणता नसतोच. त्या वर्षीची अडचण कोणती, यावर निवड ठरते.

२३/ स्क्रीनच्या गुणवत्तेसाठी बिंदूंची संख्या मोजता येते. घडणीसाठी डोळे पुरतात. टिकाऊपणासाठी मात्र दीर्घकाळ कंपनीचा शब्दच प्रमाण होता : 'प्रयोगशाळेत इतक्या मीटरपर्यंत'. त्यातील 'पर्यंत' हा शब्द अभ्यासकाने नेहमी अधोरेखित करावा. तो कमाल मर्यादा सांगतो, हमी देत नाही.

२४/ म्हणूनच २० जून २०२५ ही तारीख महत्त्वाची. त्या दिवसापासून युरोपीय संघात विकल्या जाणाऱ्या नव्या फोनला सक्तीचे लेबल आले : पडल्यावर टिकण्याची श्रेणी, पाणी आणि धुळीपासूनचे संरक्षण, बॅटरीची आवर्तने, दुरुस्तीसुलभता. भारतात ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा अधिकार' संकेतस्थळ सुरू केले, आणि दुरुस्तीयोग्यता निर्देशांकासाठी नेमलेल्या समितीने २०२५ मध्ये अहवाल दिला.

२५/ ओरखडलेल्या स्क्रीनमुळे २००७ मध्ये एका कंपनीने फोनची काच बदलली. तेव्हा ओरखडा दिसला तो फोन बनवणाऱ्याच्या खिशात. म्हणून उपाय अवघ्या काही आठवड्यांत झाला. त्यानंतरच्या असंख्य तड्या विकत घेणाऱ्यांच्या हातात गेल्या, आणि त्यांची नोंद वेष्टनावर येण्यास १८ वर्षे लागली.