अर्ध्या हिश्श्याला नकार

कॅसेट कंपनीच्या हिशेबखात्यात उमेदीची वर्षं गेल्यामुळे गाणं कानावर पडलं की मला पहिला प्रश्न पडतो तो, पैसे कुणाला गेले? बायको याला अरसिकपणा म्हणते. पण ‘आय विल ऑलवेज लव्ह यू’ची कथा हिशेबाच्या बाजूनेच जास्त रंगते.

आपल्याकडे हे गाणं व्हिटनी ह्यूस्टनचं, १९९२च्या ‘द बॉडीगार्ड’मधलं म्हणून माहीत. मूळ ते नॅशव्हिलचं, गायिका-गीतकार डॉली पार्टनचं. डॉली टेनेसीच्या डोंगराळ मुलखातली, गरिबाघरची, बारा भावंडांतली. १९६७ साली ती पोर्टर वॅगनरच्या टीव्ही कार्यक्रमात आली. झगमगीत कोट घालणारा पोर्टर म्हणजे कंट्री संगीतातलं बडं प्रस्थ. त्याने तिला नाव मिळवून दिलं. पण ती स्वतंत्र व्हायचं म्हणू लागली तेव्हा सोडायला तयार होईना. बोलून ऐकत नाही म्हणून तिने गाणं लिहिलं आणि त्याच्यासमोर बसून म्हटलं. म्हणजे हा खरं तर राजीनामा. लग्नाच्या हॉलमध्ये तो हौसेने वाजवणाऱ्यांना हे कोण सांगणार! पोर्टर रडला. जा म्हणाला, पण रेकॉर्डिंग माझ्या देखरेखीखाली होईल. १९७३मध्ये ते झालं आणि १९७४च्या जूनमध्ये गाणं कंट्री यादीत पहिलं आलं. पुढे १९७९मध्ये याच पोर्टरने तिच्यावर सुमारे तीस लाख डॉलरचा दावा ठोकला. तो कोर्टाबाहेर मिटला. रडणं एका खात्यात, वसुली दुसऱ्या.

मात्र माझ्या लेखी या कथेचा कणा वेगळाच आहे. एल्विस प्रेस्लीला गाणं आवडलं. त्याने ते गायचं ठरत आलं, तेव्हा त्याचा मॅनेजर कर्नल टॉम पार्कर याने अट घातली : गाण्याच्या प्रकाशनहक्काचा अर्धा हिस्सा आम्हाला. एल्विस गाणार म्हटल्यावर लोक अशा अटीवर सही करून मोकळे होत. डॉलीने नाही म्हटलं. रात्रभर रडले, असं ती स्वतःच सांगते.

तो हक्क म्हणजे काय, ते आमच्या धंद्याबाहेर फारसं कुणाला ठाऊक नसतं. आवाजाचं रेकॉर्डिंग ही एक मालमत्ता, शब्द आणि चाल ही दुसरी. दुसरी ज्याच्याकडे, त्याला गाणं कुणीही गायलं तरी वाटा मिळतो. १९९२मध्ये अमेरिकेत कायद्याने ठरलेला दर विकल्या गेलेल्या प्रत्येक प्रतीमागे सव्वासहा सेंट होता. दिसायला चिल्लर, पण ‘बॉडीगार्ड’चा अल्बम जगभरात चार कोटींच्या वर खपला. आणखी गंमत म्हणजे तिथल्या रेडिओवर गाणं वाजलं की पैसे गीतकार-प्रकाशकाला मिळतात, गाणाऱ्याला छदामही नाही. व्हिटनीचं गाणं अमेरिकेत चौदा आठवडे अव्वल होतं. तेवढे दिवस तिचा गळा रेडिओवर घुमत होता आणि जमा डॉलीच्या खात्यावर पडत होती. आपल्याकडे गीतकार-संगीतकारांचा असा वाटा सहीने काढून घेता येऊ नये, म्हणून कायदा बदलायला २०१२ साल उजाडावं लागलं.

मधल्या काळात, १९८२मध्ये, डॉलीने एका चित्रपटासाठी तेच गाणं पुन्हा गाऊन ते पुन्हा कंट्री यादीत पहिलं आणलं. व्हिटनीसाठी ते सुचवलं ‘बॉडीगार्ड’चा नायक केव्हिन कॉस्टनरने. सुरुवातीला वाद्यं नकोत, नुसता आवाज हवा, हा हट्टही त्याचाच. संगीतकार डेव्हिड फॉस्टरपुढे नमुना होता गायिका लिंडा रॉन्स्टॅटच्या १९७५च्या रेकॉर्डचा, आणि तीत शेवटचं कडवंच नव्हतं. ते डॉलीने त्याला फोनवर सांगितलं.

व्हिटनीच्या गाण्यातून आलेल्या पैशांतून डॉलीने नॅशव्हिलमध्ये, कृष्णवर्णीयांची वस्ती असलेल्या भागात, एक व्यापारी संकुल विकत घेतलं. ही वास्तू व्हिटनीने बांधली, असं ती म्हणते. जमाखर्च पाहता विधान बरोबर आहे.