घड्याळजींचे रीळ : ओझ्याखाली काय टिकते?

१/१६
"शंभर वर्षांपूर्वीचं रीळ अजून लोण्यासारखं फिरतं आणि माझं एका हंगामात दळायला लागलं. तुझा इतिहास यावर काय म्हणतो?" टेक्सासमध्ये राहणाऱ्या आणि सुट्टीच्या दिवशी तलावावर बास मासा पकडायला जाणाऱ्या माझ्या मामेभावाचा हा प्रश्न. जुने रीळ त्याने जुन्या वस्तूंच्या बाजारात हाताळून पाहिले होते. त्याचे स्वतःचे नवे रीळ मात्र दीडशे ग्रॅमहून जड आमिषे फेकून फेकून खिळखिळे झाले होते. प्रश्न तसा खरेदीचा. पण त्याचे उत्तर शोधायला मला दोनशे वर्षे मागे जावे लागले. आजचा धागा त्याविषयी.

२/१६
प्रथम यंत्राची ओळख. बेटकास्टिंग रिळात दोरी गुंडाळलेले स्पूल काठीला आडवे बसवलेले असते. आमिष फेकले की त्याच्या ओढीने स्पूल गरगर फिरते आणि दोरी सुटत जाते. पतंगाची फिरकी हातात मोकळी सोडून ज्याने मांजा दिला आहे, त्याला हे लगेच कळेल. त्यातला धोकाही कळेल. ओढ कमी झाली, पण फिरकी फिरतच राहिली, की गुंता ठरलेला. रिळातही तेच घडते. हवेत आमिषाचा वेग मंदावतो, स्पूल मात्र जुन्याच वेगाने फिरत राहते. म्हणून अंगठा स्पूलवर हलका टेकवून फेक आवरावी लागते.

३/१६
मग एवढा खटाटोप कशासाठी? गुंत्यावर दुसरा उपाय निघालाच होता. कापडधंद्यातला इंग्रज आल्फ्रेड इलिंगवर्थ याने १९०५ मध्ये स्थिर स्पूलच्या रिळाचे पेटंट घेतले. गिरणीतल्या बॉबिनच्या टोकावरून सूत सुटावे, तशी त्यात दोरी सुटते; स्पूल फिरतच नाही. पण परत गुंडाळताना दोरीला काटकोनात वळावे लागते आणि ओझे वाढले की हे वळण जाचक ठरते. आडव्या स्पूलवर दोरी सरळ येते, विहिरीच्या रहाटावर येते तशी. जड आमिषांसाठी आजही बेटकास्टिंग रीळच निवडतात, त्याचे एक कारण हे.

४/१६
आता इतिहासप्रेमींचा आवडता प्रश्न : हे रीळ पहिल्यांदा कोणी केले? बहुतेक ठिकाणी उत्तर मिळते ते अमेरिकेतील केंटकी राज्यातल्या जॉर्ज स्नायडरचे. पण हँडलच्या एका फेऱ्यात स्पूलचे अनेक फेरे करणारी 'गुणक' रिळे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातच लंडनचा ओनेसिमस उस्टनसन विकत होता. ती तेथे फारशी रुजली नाहीत. त्यांची लहान दातेरी चाके मोठ्या माशाच्या ओढीपुढे दगा देत, आणि इंग्रज मासेमार साध्या, एकास एक फिरणाऱ्या रिळाकडे परतले. थोडक्यात, कल्पना होती. तिला पेलणारी दातेरी चाके नव्हती.

५/१६
ती घडली केंटकीत. पॅरिस नावाच्या तिथल्या छोट्या गावात स्नायडर घड्याळे आणि चांदीकाम करीत असे, आणि तो हौशी मासेमारही होता. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत केव्हातरी त्याने स्वतःसाठी व मित्रांसाठी गुणक रिळे बनवली. नद्यांतल्या बाससाठी जिवंत छोटी मासोळी आमिष म्हणून दूर फेकायची, एवढाच हेतू. लोहाराला जे सूक्ष्म काम जमले नसते, ते घड्याळजीला जमले. कमी घर्षणाने फिरणारा आस, दात्यात नेमका बसणारा दाता आणि दोन तबकड्यांमधले न हलणारे अंतर हा त्याचा रोजचाच धंदा होता.

६/१६
पुढे १८३० च्या दशकात फ्रँकफर्ट (केंटकीचे, जर्मनीचे नव्हे) येथील जोनाथन आणि बेंजामिन मीक या घड्याळजी बंधूंनी ही कला धंद्यात आणली. त्यांच्या हाताखाली शिकलेला बेंजामिन मायलम पुढे भागीदार झाला. सांगाड्याला पितळ किंवा जर्मन सिल्व्हर, आसाला पोलाद, आणि काही रिळांत घड्याळासारखे रत्नखड्यांचे टेकू. हँडलच्या एका फेऱ्यात स्पूलचे साधारण चार फेरे. प्रत्येक स्क्रू हाताने घडवलेला, म्हणून त्यावर अंक कोरलेला असे. ज्या अंकाचा स्क्रू, तो त्याच भोकात.

७/१६
हा अंक मला फार बोलका वाटतो. हे यंत्र कधीतरी उघडले जाईल, पुसले जाईल, तेल घालून पुन्हा जोडले जाईल, हे कारागिराने गृहीत धरले होते. टिकाऊ वस्तू म्हणजे कधीच न झिजणारी वस्तू, असा आपला समज असतो. घड्याळजीची व्याख्या निराळी होती : झिजणारच, पण झिजलेला भाग काढून नवा बसवता आला पाहिजे. मामेभावाच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे आहे. उरलेले अर्धे पुढच्या बदलांत सापडते, कारण प्रत्येक बदलाने एक अडचण सोडवली आणि एक नवा नाजूक भाग रिळात आणला.

८/१६
पहिला मोठा बदल मिशिगन राज्यातील कॅलमझू गावचा. बदल करणाऱ्याचे नाव विल्यम शेक्सपिअर, धाकटा! नाटककाराशी नाते नाही. १८९६ मध्ये त्याने दोरी स्पूलवर समान पसरवणाऱ्या यंत्रणेचे पेटंट घेतले. तोवर हे काम अंगठ्याने करावे लागे. आता आडव्या मळसूत्राच्या आट्यांतून एक वाटाड्या डावीकडून उजवीकडे आणि पुन्हा उलट सरकू लागला. सोय मोठी झाली. पण मळसूत्र बरेचसे उघडे राहिले. त्यात वाळू-माती गेली की वाटाड्याची जीभ झिजते. आजही रीळ बिघडले, तर हा भाग आधी पाहतात.

९/१६
दुसरा टप्पा स्वीडनमध्ये, आणि तेथेही घड्याळाशीच गाठ. स्वांगस्टा गावात कार्ल ऑगस्ट बोर्गस्ट्रॉम याने १९२१ मध्ये 'आ. बे. उरफाब्रिकेन' ही कंपनी काढली. उरफाब्रिकेन म्हणजे घड्याळांचा कारखाना. आद्याक्षरांवरून ती 'आबू' नावाने जगाला ठाऊक झाली. तेथे टॅक्सीमीटरही बनत. दुसऱ्या महायुद्धात टॅक्सीमीटरची मागणी घटली, तेव्हा तेच कारागीर आणि तीच यंत्रे रिळांकडे वळली. केंटकीशी त्यांचा काही संबंध नव्हता. तरीही दोन्हीकडे रीळ पोचले ते घड्याळाच्या चाकांतून. हा मला योगायोग वाटत नाही.

१०/१६
१९५२ मध्ये आबूने 'अँबॅसडर ५०००' हे लाल रंगाचे गोल रीळ आणले. जुन्या रिळांत फेकताना स्पूलबरोबर चाके आणि हँडलही उलटे फिरत. म्हणजे फेकतानाही दाते झिजत. नव्या रिळात कळ दाबली की पिनियन, म्हणजे लहान दातेरी चाक, स्पूलपासून सुटे होई आणि स्पूल एकटेच फिरे. शिवाय केंद्रोत्सारी ब्रेक होता. स्पूल वेगात आले की लहान गुटके बाहेर सरकून कडेला घासत आणि गुंता आवरत. जड आमिषे फेकणाऱ्या कित्येकांनी पुढची अनेक दशके याच घडणीच्या रिळांवर भिस्त ठेवली.

११/१६
मागणी कुठून आली? १९३३ मध्ये स्थापन झालेल्या टेनेसी व्हॅली ऑथॉरिटीने, आणि त्या काळातल्या इतर धरणांनी, अमेरिकेच्या दक्षिणेत मोठमोठे जलाशय निर्माण केले. बुडालेली झाडे, उथळ कडा : बाससाठी उत्तम आसरा. १९६७ मध्ये रे स्कॉटने आर्कान्सामधील बीव्हर तलावावर १०६ स्पर्धकांची बास स्पर्धा घेतली, आणि पुढच्याच वर्षी बास मासेमारांची राष्ट्रीय संघटना उभी केली. स्पर्धा आली की दिवसभरात शेकडो फेका आल्या. रीळ हलके आणि वेगवान हवे झाले.

१२/१६
म्हणून १९७० च्या दशकात तळहातात मावणारी बुटकी रिळे आली. ल्यू चिल्ड्रे या अमेरिकन उद्योजकाची 'स्पीड स्पूल' आणि १९७८ ची जपानी शिमानोची 'बँटम' ही त्यांतली प्रसिद्ध नावे. पुढे काही रिळांचे सांगाडे ग्रॅफाइटमिश्रित प्लास्टिकचे झाले, काहींत दातेरी चाके ॲल्युमिनियमची आली. सात ते अठ्ठावीस ग्रॅमच्या आमिषांसाठी हे सारे योग्यच होते. ओझे तेवढेच राहिले असते, तर मामेभावाचा फोन आलाच नसता.

१३/१६
ओझे वाढले कॅलिफोर्नियात. १९५९ मध्ये सॅन दिएगोच्या जलाशयांत फ्लोरिडाचा मोठा वाढणारा बास सोडला गेला. त्याच भागात मासेमारीसाठी ट्राउट सोडले जात. बास त्यांवर पोसले गेले. जॉर्ज पेरीने १९३२ मध्ये जॉर्जिया राज्यात पकडलेल्या १०.०९ किलोच्या बासचा विक्रम अनेकांना खुणावत होता. त्यासाठी ट्राउटच्या आकाराची, साठपासून दोनशे ग्रॅमपर्यंतची आमिषे बनू लागली. १९९० च्या दशकात न ताणणारी पॉलिएथिलीनची विणलेली दोरीही आली. नायलॉन ताणून धक्का झेलत असे. आता तो धक्का थेट दात्यांवर बसू लागला. मग जाडजूड गोल रिळे पुन्हा लोकांच्या हातांत दिसू लागली. त्यांतल्या शिमानोच्या एका मालिकेचे नाव तर 'कलकत्ता'!

१४/१६
आता मामेभावाच्या तुलनेकडे. येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने सावध राहिले पाहिजे. शंभर वर्षे टिकलेले रीळ आपल्याला दिसते. त्याच काळातली तकलादू रिळे भंगारात गेली, ती दिसत नाहीत. जे उरले त्यावरून सारा काळ जोखणे ही आपल्या विषयातली जुनी चूक आहे. दुसरे असे की केंटकीच्या रिळाने रेशमी दोरीवर एक छोटी मासोळी फेकली. दीडशे ग्रॅमचा लाकडी ट्राउट कधी फेकला नाही. म्हणून 'जुने ते सोने' हे उत्तर खरे नाही. खरा प्रश्न असा : ओझे नेमके कुठे पडते, आणि तेथे धातू किती आहे?

१५/१६
त्यावरून दुकानात विचारायचे पाच प्रश्न. (१) मुख्य दातेरी चाक पितळेचे आणि मोठे आहे का? पितळ जड असते, पण ओझे सोसते. (२) सांगाडा अखंड धातूचा आहे का? सांगाडा वाकला तर उत्तम दातेही एकमेकांत नीट बसत नाहीत. (३) गुणक किती? पाचास एकच्या आसपास असेल तर जड आमिष ओढायला जोर कमी लागतो. तेवढ्याच जागेत गुणक वाढवायचा, तर पिनियन लहान करावे लागते आणि दाते नाजूक होतात. (४) आकार कोणता? शंभर ग्रॅमच्या पुढे ३०० किंवा ४०० क्रमांकाचा आकार पाहावा. गोलच हवे असे नाही. (५) सुटे भाग मिळतात का, आणि घरी उघडता येते का? पाचवा प्रश्न घड्याळजींचा. तो बहुतेक जण विसरतात.

१६/१६
मामेभावाने नव्या खरेदीआधी जुने रीळ उघडले. चाकाचे दाते एका बाजूने झिजले होते; सांगाडा दाबला की किंचित वाकत होता. रीळ वाईट नव्हते, दुसऱ्या ओझ्यासाठी बनले होते. नंतर त्याने एक गोल, पितळी चाकांचे, कोणी वापरलेले रीळ घेतले आणि पहिल्याच रविवारी तेही उघडून वर्तमानपत्रावर मांडले. रात्री फोटो आला : "यातला कुठला स्क्रू कुठला?" मीकबंधूंनी त्यावर अंक कोरून ठेवले असते, एवढेच मी कळवले. 'पहिले कोणी केले' या प्रश्नावर आपण खूप भांडतो. वस्तूंच्या इतिहासात 'टिकले कोणाचे, आणि का' हा प्रश्न मला अधिक शिकवून गेला. तुमच्या घरी उघडून दुरुस्त करता येणारी, आजोबांच्या काळातली कोणती वस्तू अजून चालते? खाली नक्की लिहा.