जुन्या ट्रकमधील इंजिन नियंत्रण संगणकाची बदली

इंजिन नियंत्रण संगणक हा वाहनाच्या इंजिनाला किती इंधन द्यावे आणि ठिणगी कोणत्या क्षणी पाडावी, हे ठरवणारा इलेक्ट्रॉनिक संच होय. गॅरेजच्या बोलीत त्याला 'ईसीएम' किंवा 'ईसीयू' म्हणतात. हा संच निकामी झाल्यास इंजिन अनियमित चालते किंवा सुरूच होत नाही. मात्र त्याची लक्षणे तुटलेली वायर, सैल अर्थिंग किंवा बिघडलेला संवेदक यांच्या लक्षणांसारखीच असल्यामुळे संगणक निर्दोष असतानाही तो बदलला जाण्याचे प्रकार घडतात. याउलट, मूळ दोष शोधल्याशिवाय बसवलेला नवा संगणक त्याच दोषाने पुन्हा जळू शकतो. प्रस्तुत लेखात मुख्यतः १९८७ ते १९९५ या काळातील अमेरिकी पेट्रोल ट्रकांचा विचार केला आहे. अमेरिकेत 'ट्रक' या शब्दात मालवाहू पिकअप वाहनांचाही समावेश होतो.

पार्श्वभूमी

१९७० च्या स्वच्छ हवा कायद्याने अमेरिकेत वाहनांच्या धुरावर कडक मर्यादा घातल्या. पुढे धूर शुद्ध करणारे उत्प्रेरक परिवर्तक वापरात आले. त्यांचे कार्य नीट होण्यासाठी पेट्रोल इंजिनात वजनाने सुमारे १४.७ भाग हवेस १ भाग पेट्रोल हे प्रमाण काटेकोरपणे राखावे लागते. निव्वळ यांत्रिक कार्ब्युरेटरला हे साधणे कठीण होते. त्यामुळे १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून इंजिनाच्या नियंत्रणासाठी सूक्ष्मप्रक्रियकांचा वापर वाढत गेला. १९७९ मध्ये बॉश कंपनीची 'मोट्रॉनिक' प्रणाली बीएमडब्ल्यूच्या मोटारीत आली. तीत इंधन व प्रज्वलन या दोहोंचे नियंत्रण एकाच संगणकाकडे होते.

जनरल मोटर्सने १९८७ पासून आपल्या शेव्हरोले व जीएमसी पिकअप ट्रकांत थ्रॉटल बॉडी इंजेक्शन पद्धत मोठ्या प्रमाणावर आणली. फोर्डच्या एफ-मालिकेतील ट्रकांत याच सुमारास 'ईईसी-४' ही संगणकप्रणाली होती. या पिढीतील अनेक ट्रक आजही वापरात असून त्यांचे संगणक तीस वर्षांहून अधिक जुने झाले आहेत.

कार्यपद्धती

संगणकाला शीतक द्रवाचे तापमान, इनटेक मॅनिफोल्डमधील दाब, थ्रॉटलची स्थिती, इंजिनाची गती आणि धुरातील ऑक्सिजन यांची माहिती संवेदकांकडून मिळते. बहुतेक संवेदकांना तो स्वतः ५ व्होल्टचा स्थिर विद्युतदाब पुरवतो. स्मृतीत साठवलेल्या तक्त्यांशी या माहितीची तुलना करून तो इंजेक्टर, प्रज्वलन, इंधनपंपाचा रिले आणि निष्क्रिय गतीचा झडपनियंत्रक यांना आज्ञा देतो. काही ट्रकांत स्वयंचलित गिअरपेटीचे नियंत्रणही त्याच्याकडेच असते. फोर्डची ई४ओडी ही गिअरपेटी त्याचे उदाहरण होय.

बिघाडाची कारणे

संगणकातील बिघाडाची कारणे अंतर्गत आणि बाह्य अशा दोन प्रकारची असतात.

अंतर्गत कारणांत इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, म्हणजे द्रवयुक्त धारित्र, जुने होणे हे प्रमुख आहे. त्यातील द्रव झिरपून पाटीवरील तांब्याच्या बारीक रेषा खातो. फोर्डच्या ईईसी-४ संगणकांत हा दोष विशेष परिचित आहे. वारंवार तापणे-थंडावणे आणि हादरे यांमुळे डाखाच्या सांध्यांना केसासारख्या भेगा पडतात. असा संगणक थंड असताना चालतो आणि तापल्यावर बंद पडतो. आत शिरलेले पाणीही जोडपिनांना गंज आणते.

बाह्य कारणांत रिले किंवा सोलेनॉइडच्या गुंडाळीतील शॉर्टसर्किट महत्त्वाचे ठरते. गुंडाळीचा रोध घटला की तिच्यातून प्रमाणाबाहेर प्रवाह वाहतो आणि ती चालवणारा संगणकातील ट्रान्झिस्टर जळतो. बॅटरीची टोके उलटी जोडणे आणि बॅटरी न काढता सांगाड्यावर वेल्डिंग करणे यांनीही संगणक निकामी होऊ शकतो.

लक्षणे

इंजिन अचानक बंद पडणे, इंजेक्टरांना स्पंद न मिळणे, इंधनपंप न चालणे, काळा धूर येणे, गिअर झटक्याने पडणे आणि तपासणी दिवा किल्ली फिरवूनही न लागणे ही प्रमुख लक्षणे आहेत. यांपैकी कोणतेही एक लक्षण संगणकच बिघडल्याचा पुरावा मानता येत नाही.

निदान

प्रथम बॅटरी, फ्यूज आणि संगणकाकडे येणारा विद्युतपुरवठा तपासतात. त्यानंतर अर्थिंग पाहतात. इंजिन चालू असताना मल्टिमीटरचे एक टोक संगणकाच्या अर्थिंग वायरीला व दुसरे बॅटरीच्या ऋण टोकाला लावल्यास साधारणतः ०.१ व्होल्टपेक्षा अधिक फरक दिसू नये. तो अधिक असल्यास वायर किंवा तिचा सांधा साफ करणे हाच उपाय असतो.

संवेदकांचा ५ व्होल्ट पुरवठा शून्याजवळ आला असेल, तरी संगणक लगेच दोषी ठरत नाही. एखाद्या संवेदकात शॉर्टसर्किट झाल्यास तो संपूर्ण पुरवठा खाली ओढतो. अशा वेळी संवेदकांचे जोड एकेक करून काढतात. एखादा जोड काढताच ५ व्होल्ट परत आले, तर दोष त्या संवेदकात किंवा त्याच्या वायरीत असतो. सर्व जोड काढूनही आणि वायरिंग निर्दोष असूनही पुरवठा परतला नाही, तरच संगणकावरील संशय बळावतो.

या काळातील संगणक दोषसंकेतही देतात. जनरल मोटर्सच्या ट्रकांत डॅशबोर्डखालील बारा टोकांच्या जोडातील 'ए' आणि 'बी' ही टोके तारेने जोडून, इंजिन सुरू न करता किल्ली फिरवल्यास तपासणी दिवा लुकलुकून आकडे दाखवतो. प्रारंभीचा १२ हा संकेत निदानयंत्रणा चालू असल्याचे सांगतो. ५१ हा संकेत कार्यक्रमाच्या चिपशी आणि ५५ हा सामान्यतः संगणकाशी संबंधित असतो. १२ हा संकेतही न उमटल्यास आधी दिव्याचा बल्ब, फ्यूज आणि अर्थिंग पाहावे लागते.

योग्य संगणकाची निवड

बाहेरून सारखे दिसणारे आणि एकाच जोडात बसणारे दोन संगणक परस्परांऐवजी चालतीलच असे नाही. इंजिनाचा आकार, गिअरपेटीचा प्रकार, धूरनियंत्रणाची साधने आणि मागील आसाचे गुणोत्तर यांनुसार आतील तक्ते बदलतात. म्हणून संगणकावरील लेबलवरचा भाग क्रमांक आणि ईईसी-४ च्या बाबतीत त्यावरील सांकेतिक अक्षरे जुळवून पाहतात.

जनरल मोटर्सच्या या काळातील अनेक ट्रकांत कार्यक्रम वेगळ्या काढता येणाऱ्या चिपमध्ये असतो. बदली संगणक बहुधा या चिपशिवाय विकला जातो. पुनर्निर्मित संगणक 'जुना देऊन नवा' या पद्धतीने मिळत असल्याने जुना संच परत करण्यापूर्वी त्यातील चिप काढून घेणे अत्यावश्यक असते. चिप जुन्या संचाबरोबर गेल्यास नवा संगणक त्या ट्रकापुरता निरुपयोगी ठरतो.

केवळ धारित्रे झिजली असून तांब्याच्या रेषा शाबूत असतील, तर कुशल कारागीर ती बदलून मूळ संगणक वाचवू शकतो. अशा दुरुस्तीत मूळ तक्ते कायम राहतात.

बदलण्याची पद्धत

नवा संगणक बसवण्यापूर्वी त्याच्याकडून चालवल्या जाणाऱ्या प्रत्येक रिले व सोलेनॉइडचा रोध मोजतात. जनरल मोटर्सच्या या पिढीसाठी २० ओहमपेक्षा कमी रोधाचा रिले वा सोलेनॉइड आधी बदलावा, असा दंडक आहे. इंजेक्टरांना हा आकडा लागू नाही. त्यांचा रोध मुळातच कमी असतो.

त्यानंतर किल्ली बंद करून बॅटरीचे ऋण टोक सोडवतात. शेव्हरोले व जीएमसी पिकअपमध्ये संगणक सामान्यतः डॅशबोर्डच्या उजव्या बाजूस, ग्लोव्ह बॉक्सच्या मागील भागात असतो. फोर्डच्या एफ-मालिकेत तो चालकाच्या पायाजवळील भागात बसवलेला असून त्याचा साठ पिनांचा जोड एका बोल्टने आवळलेला असतो. जोड वायर धरून ओढू नये. पिना वाकल्या, सैल झाल्या किंवा हिरवट गंजल्या आहेत का, हे याच वेळी पाहतात.

शरीरावरील स्थिर विद्युत चिपला घातक ठरते. माणसाला तिचा चटका काही हजार व्होल्टला जाणवतो, तर चिपला इजा होण्यास शंभराहून कमी व्होल्टही पुरतात. त्यामुळे आधी वाहनाच्या उघड्या धातूला स्पर्श करतात आणि चिपच्या पिनांना बोट लावत नाहीत. चिप बसवताना तिच्यावरील खाच तळपट्टीवरील खुणेशी जुळवतात. उलटी बसवून किल्ली फिरवल्यास चिप नष्ट होते.

शेवटी संगणक जागेवर घट्ट बसवून, जोड लावून मगच बॅटरी जोडतात.

बदलीनंतर

बॅटरी काढल्यामुळे संगणकाने शिकून साठवलेल्या सुधारणा पुसल्या जातात. त्यामुळे प्रारंभी निष्क्रिय गती अस्थिर राहू शकते आणि काही अंतर चालवल्यावर ती स्थिरावते. दोषसंकेत पुन्हा वाचून पाहिले जातात. पूर्वीचाच संकेत परत आल्यास दोष वायरिंगमध्ये किंवा संवेदकात असण्याची शक्यता अधिक असते.

नंतरच्या पिढ्या

अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून मोटारी व हलक्या ट्रकांना 'ओबीडी-२' ही निदानप्रणाली आणि सोळा टोकांचा समान जोड बंधनकारक झाला. या पिढीत कार्यक्रम सुट्या चिपऐवजी पुन्हा लिहिता येणाऱ्या स्मृतीत साठवला जाऊ लागला. त्यामुळे नवा संगणक बसवल्यावर त्यात वाहनाचा क्रमांक व योग्य कार्यक्रम भरावा लागतो. चोरीप्रतिबंधक यंत्रणा असल्यास किल्लीची ओळखही नव्याने करून द्यावी लागते.

भारतातील संदर्भ

भारतातील जुन्या डिझेल ट्रकांत दीर्घकाळ यांत्रिक इंधनपंप होता. त्यामुळे संगणक बदलण्याचा प्रश्नच उद्भवत नसे. धुराचे निकष कडक होत गेले तसे कॉमन रेल इंजेक्शन आणि त्यासोबत संगणक आला. भारत स्टेज-४ निकष १ एप्रिल २०१७ पासून, तर भारत स्टेज-६ निकष १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झाले. कॉमन रेल इंजिनांत अनेकदा प्रत्येक इंजेक्टरवर त्याचा स्वतंत्र संकेत कोरलेला असतो. संगणक बदलल्यावर हे संकेत सिलिंडरच्या क्रमाने नव्या संगणकात भरावे लागतात. अन्यथा इंधनाचे प्रमाण बिघडून इंजिन खडखडते किंवा धूर वाढतो. विद्युतपुरवठा, अर्थिंग आणि संवेदक आधी तपासण्याचा निदानाचा क्रम मात्र या वाहनांनाही तसाच लागू पडतो.