जमिनीवरची होडी

होडी पाण्यासाठी घडविलेली असली, तरी तिच्यावरचे खरे संकट पुष्कळदा जमिनीवरच ओढवते. कारण पाणी ज्या देहाला सर्वांगाने सारखे उचलून धरते, तोच देह वाहनावर दोन-तीन ठिकाणीच टेकतो आणि वाटेचा प्रत्येक हिसका नेमका तेथेच सोसतो. ग्रीनलंडच्या शिकाऱ्यांनी खिळ्यांवाचून, वाहून आलेल्या लाकडाचा सांगाडा वाद्यांनी जखडून व त्यावर सीलचे कातडे ताणून जी कयाक सिद्ध केली, ती एकट्या माणसाला उचलता येण्याइतकी हलकी होती, आणि म्हणूनच ती जपणे अवघड होते.

१८८८ साली ग्रीनलंडचे हिमपठार ओलांडून गेलेल्या फ्रिट्यॉफ नान्सेन या नॉर्वेच्या संशोधकाला पुढचा हिवाळा गोटहोप, म्हणजे आजचे नूक, येथे काढावा लागला, आणि तेथील लोकांकडून तो कयाकची विद्या शिकला. तिची कसोटी पुढे उत्तर ध्रुवाच्या मोहिमेत लागली. बर्फात अडकलेले ‘फ्राम’ जहाज सोडून १४ मार्च १८९५ रोजी तो आणि त्याचा सोबती यालमार योहान्सेन तीन घसरगाड्या, २८ कुत्री आणि दोन कयाक एवढ्या सरंजामानिशी निघाले. या कयाकांचा सांगाडा बांबूचा व आवरण शिडाच्या कापडाचे होते. त्या गाडीवर बसविताना नान्सेनने जी तजवीज केली, ती मला त्या संबंध मोहिमेतील अत्यंत सुज्ञ तजविजींपैकी एक वाटते: शिध्याच्या पिशव्याच होडीच्या तळाबरहुकूम घडवून त्यांची बैठक केली, म्हणजे जे ओझे वाहावयाचेच होते तेच गादीच्या उपयोगी पडले.

तथापि बर्फाच्या उंच कड्यांवरून गाड्या वारंवार उलथल्या, कापड फाटले, सांगाडे दुखावले. उन्हाळ्यात बर्फाला भेगा पडू लागल्या आणि होडीवाचून पाऊल टाकणे अशक्य झाले, तेव्हा त्या दोघांना मुक्काम ठोकून डागडुजी करावी लागली. मोकळे पाणी लागल्यावर त्यांनी दोन्ही कयाक जोडून बांधल्या, गाड्या वर आडव्या घातल्या आणि जे आजवर वाहन होते तेच ओझे झाले.

फ्रान्झ योझेफ द्वीपसमूहात हिवाळा काढल्यावर, १२ जून १८९६ रोजी, कयाकांची ही जोडी बर्फाच्या कडेला वॉलरसच्या कातड्याच्या दोरीने बांधून ते दोघे आसमंत पाहण्यासाठी एका उंचवट्यावर चढले असता दोरी तुटली आणि कयाक वाहून जाऊ लागल्या. अन्न, बंदुका, काडतुसे, सर्व काही होड्यांत होते. नान्सेनने घड्याळ योहान्सेनच्या हाती दिले, अंगावरचे काही कपडे उतरविले आणि बर्फाळ पाण्यात उडी टाकली. हातपाय बधिर होत असता अखेर होडीवर आडवी ठेवलेली एक स्की त्याच्या हाती लागली, म्हणून तो वाचला. पाचच दिवसांनी, १७ जूनला, केप फ्लोरा येथे फ्रेडरिक जॅक्सन या इंग्रज संशोधकाची गाठ पडली. ध्रुवप्रदेशात सव्वा वर्ष तगलेल्या दोन माणसांचे प्राण एका दोरीवर टांगले होते, ही गोष्ट मला त्यांनी गाठलेल्या ८६ अंश उत्तर अक्षांशाहूनही अधिक विचार करण्याजोगी वाटते.

आज कयाक बहुधा प्लॅस्टिकची असते आणि पिकअप ट्रकच्या हौद्यात बसून डांबरी रस्त्याने जाते. परंतु बैठक, बंधन आणि देखरेख या तीन गोष्टींपैकी एकीचीही गरज उणावलेली नाही. तळाखाली फोमची घडी असावी. दोरीपेक्षा रुंद पट्टा बरा, पण तो इतकाही आवळू नये की उन्हाने मऊ झालेला तळ दबेल. पुढची व मागची टोके वेगवेगळी बांधावी, म्हणजे ब्रेक लावताच होडी सरकणार नाही. हौद्याबाहेर डोकावणाऱ्या टोकास लाल फडके लावावे. आणि वाचकांपैकी जो कोणी अशी होडी घेऊन निघेल, त्याने पहिल्या दोन-चार मैलांनंतर गाडी थांबवून प्रत्येक पट्टा हाताने ओढून पाहावा, एवढी माझी आग्रहाची विनंती आहे.