तांब्याचा वायसर : नवा टाकायचा की तापवायचा?

जुन्या बुलेटचं इंजिन उघडून बसलेली दोन माणसं एकत्र आली की एक वाद ठरलेला. तेलाच्या नळ्यांच्या आणि ड्रेन प्लगच्या खाली जे तांब्याचे गोल वायसर असतात, ते बदलायचे की जुनेच पुन्हा लावायचे? नव्या पिढीचं म्हणणं, 'अरे, काही रुपयांची वस्तू आहे, नवी टाक आणि विषय संपव.' जुन्या मिस्त्रीचं म्हणणं, 'तांबं कधी फुकट जातं का? लालभडक कर, पाण्यात टाक, परत नवं!' ऐकणाऱ्याला वाटतं, एकजण उधळ्या आणि दुसरा कंजूष. प्रत्यक्षात वाद पैशांचा नाहीच. तो धातूचा आहे आणि थोडासा इतिहासाचा.

आधी वायसर नक्की करतो काय ते बघू. दोन धातूचे भाग कितीही सपाट दिसले तरी त्यांच्यावर मशीनिंगच्या बारीक रेघा असतात. तेलाला तेवढी वाट पुरते. बोल्ट आवळला की मधला मऊ वायसर चेपतो, त्या रेघांमध्ये शिरतो आणि वाट बंद होते. म्हणजे तो दोन्ही बाजूंच्या भागांपेक्षा मऊ असायला हवा. चेपणं हेच त्याचं काम.

गोची अशी, की तांबं चेपलं की कडक होतं. एकदा वापरलेला वायसर दुसऱ्यांदा तितका चेपत नाही. मग तेल पाझरतं, मग आपण पाना आणखी ओढतो, आणि एक दिवस क्रँककेसमधले ॲल्युमिनियमचे आटे वायसरच्या आधी शरण येतात. पूर्ण कडक झालेलं तांबं मऊ तांब्याच्या साधारण दुप्पट कठीण असतं, म्हणजे ओतीव ॲल्युमिनियमलाही भारी पडू शकतं. बुलेटच्या रॉकरला तेल पोचवणाऱ्या बाहेरच्या नळीचे बँजो बोल्ट तर आतून पोकळ असतात. ते जास्त आवळले तर सरळ तुटतात.

चेपलं की कडक आणि तापवलं की मऊ, हे गणित माणसाला काही हजार वर्षांपासून ठाऊक आहे. त्यासाठी लांब जायला नको, पुण्यात कसबा पेठेतली तांबट आळी बघा. पेशवाईच्या काळात कोकणातून आलेल्या तांबट कारागिरांची ही वस्ती. पत्रा ठोकून ठोकून कडक झाला की ते तो भट्टीत तापवून मऊ करतात आणि पुन्हा ठोकायला घेतात. भांडं पूर्ण झालं की शेवटी मठारकाम, म्हणजे हातोडीचे एकसारखे ठोके. त्याने भांड्याला चकाकी येते आणि ते मजबूतही होतं. गंमत बघा, तांबटाला शेवटी कडकपणा हवा असतो आणि आपल्या मिस्त्रीला मऊपणा. गुणधर्म एकच, वापर उलटा.

हे असं का होतं, याचं उत्तर मात्र विज्ञानाला 1934 पर्यंत मिळालं नव्हतं. त्या वर्षी जी. आय. टेलर, एगॉन ओरोवान आणि मायकेल पोलान्यी या तिघांनी स्वतंत्रपणे एकच कल्पना मांडली. धातूच्या स्फटिकात अणूंच्या ओळी सगळीकडे सरळ नसतात, मधेमधे त्या चुकलेल्या असतात. धातू वाकतो तो या चुका सरकल्यामुळे. ठोकत राहिलं की चुकांची संख्या हजारो पटींनी वाढते, त्या एकमेकींत अडकतात आणि सरकणं थांबतं (संध्याकाळच्या हिंजवडीचं ट्रॅफिक डोळ्यासमोर आणा). तेच तांबं पुरेसं तापवलं की जुन्या, गुंतलेल्या स्फटिकांच्या जागी नवे, स्वच्छ स्फटिक तयार होतात. आपल्या भाषेत, फॉरमॅट मारून फ्रेश इन्स्टॉल.

म्हणजे मिस्त्री 'परत नवं' म्हणतो तेव्हा तो जुगाड सांगत नसतो, चक्क धातुशास्त्र सांगत असतो. आणि भारतात ही विद्या टिकण्यामागे कारण होतं. इंग्लंडमधल्या रेडिचची बुलेट 1955 मध्ये मद्रासला आली, एनफिल्ड इंडिया स्थापन झाली. आधी इंग्लंडहून आलेले भाग जोडून, मग हळूहळू सगळं इथेच बनवून. 1970 पर्यंत इंग्लंडमधली मूळ कंपनी बंद पडली, पण तिचं इंजिन मद्रासला पुढे कित्येक दशकं बनत राहिलं. त्यामुळे बुलेटवाल्यांचं बरं चाललं. हाल झाले ते बीएसए, नॉर्टन, ट्रायम्फ वाल्यांचे. आयातीवर कडक निर्बंध, त्यात बीएसएचा कारभार 1973 मध्ये कोसळला आणि ट्रायम्फचा मेरिडनचा कारखाना 1983 मध्ये बंद झाला. सुटा भाग मागवायचा कुठून? असेल ते तापवा, घासा, पुन्हा लावा. टंचाईने शिकवलेलं हे शास्त्र आहे.

भरीला मापांची भानगड. जोसेफ व्हिटवर्थने 1841 मध्ये आट्यांचं प्रमाण सुचवलं, तेव्हापासून ब्रिटिश यंत्रं इंचात बोलतात. अर्धा इंच म्हणजे 12.7 मिलिमीटर. त्यावर दुकानात सहज मिळणारा 14 मिलिमीटरचा वायसर घातला तर तो सैल बसतो, एका बाजूला सरकतो आणि नवाकोरा असूनही गळतो. अशा वेळी बरोबर मापाचा जुना वायसर तापवून लावणं चुकीच्या मापाच्या नव्यापेक्षा केव्हाही चांगलं.

आता पद्धत. वायसर तारेत अडकवा, खोलीत जरा अंधार करा आणि ज्योतीवर मंद लाल होईपर्यंत तापवा (सुमारे 600 अंश सेल्सिअस). पांढरट होईपर्यंत ताणू नका, तांबं 1085 अंशांना वितळतं. मग पाण्यात टाका किंवा नुसतं गार होऊ द्या, मऊपणात फरक पडत नाही. लोहार विळ्याला पाणी देतो ते पोलाद कडक व्हावं म्हणून, तांब्याचं तसं नसतं. पाण्याने फक्त वरची काळी खपली निघायला मदत होते. उरलेली काजळी चिंचेने काढा, घरातली तांब्याची भांडी घासतात तशीच. मग सपाट काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून वायसर दोन्ही बाजूंनी हलक्या हाताने फिरवा आणि स्वच्छ धुवा.

पण... (हा 'पण' महत्त्वाचा)

फॉरमॅट मारल्याने सॉफ्टवेअर नवं होतं, हार्ड डिस्कवरचा ओरखडा जात नाही. तापवल्याने कडकपणा जातो, आतून बाहेर जाणारा खोल चरा जात नाही. प्रत्येक वापरात वायसर थोडा पातळ होतो, तेही परत येत नाही. चरा पडलेला, वाकडा किंवा कडेला पातळ झालेला वायसर कचऱ्यात.

शिवाय सगळे वायसर तांब्याचे नसतात. ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळतं आणि त्याआधी डोळ्यांना दिसेल असं लाल होतच नाही. तांब्याच्या अंदाजाने तापवलं तर हातात थेंब येईल. दुमडलेल्या पत्र्याचे वायसर एकदाच चुरगळण्यासाठी बनवलेले असतात, त्यांची घडी परत उघडत नाही. फायबरचे तेल पिऊन आणि उष्णतेने ठिसूळ होतात. धातूच्या कड्याला आतून रबर चिकटवलेले डाउटी वायसर वेगळेच. जॉर्ज डाउटीने 1931 मध्ये विमानांच्या भागांची कंपनी काढली, हे वायसर तिच्याकडून आले, उच्च दाबाच्या हायड्रॉलिक्समध्ये तांब्याला पर्याय म्हणून. त्यांना ज्योत दाखवली तर रबर जळणार. आणि जुन्या सायलेन्सरच्या जोडावर तांब्याचं पातळ कवच असलेली रिंग सापडली, तर आत ॲस्बेस्टॉस असू शकतं. ती घासू नका, तापवू नका. ओली करून पिशवीत बंद करा आणि बाजूला ठेवा.

थोडक्यात काय, तर भरीव तांबं, बरोबर माप आणि अंगावर चरा नाही, अशा तिन्ही अटी पूर्ण होत असतील तर तापवा. नाहीतर नवा टाका. नवा वायसर कित्येक वर्षं डब्यात धक्के खात पडलेला असेल, तर तोही लावण्याआधी तापवून घेतलेला बरा.

जुन्या गाड्यांच्या शौकिनांना 'ओरिजिनल' या शब्दाचं भारी वेड. टाकीवरचा रंग, मॅग्नेटो, आकडे जुळणारी क्रँककेस, हे सगळं जपावं, जरूर जपावं. पण वायसर त्या यादीत बसत नाही. तो चेपण्यासाठी आणि वेळ आली की जाण्यासाठीच जन्माला आलेला आहे. रेडिचला 1950 च्या दशकात ओतलेली क्रँककेस आता कोणी ओतून देणार नाही. तिचे आटे वाचवायचे असतील, तर त्या दोघांमध्ये मऊ कोणी असायचं हे आवळण्याआधीच ठरवायला हवं.