लोकस्मृतीतील भाई कोतवाल

विठ्ठल लक्ष्मण कोतवाल ऊर्फ भाई कोतवाल (१ डिसेंबर १९१२ – २ जानेवारी १९४३) हे स्वातंत्र्यसैनिक, वकील व समाजकार्यकर्ते होते. ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यातील सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांच्या गोळीबारात त्यांना व त्यांचे सहकारी हिराजी पाटील यांना वीरमरण आले. स्मारक, वार्षिक अभिवादन, जयंती, सार्वजनिक स्थळांचे नामकरण आणि चित्रपट अशा माध्यमांतून त्यांची स्मृती जपली जाते.

पार्श्वभूमी

कोतवाल यांचा जन्म माथेरान येथे नाभिक कुटुंबात झाला. वकिलीचे शिक्षण घेतल्यानंतर त्यांनी परिसरातील शेतकरी व आदिवासींमध्ये काम सुरू केले. भातशेतीच्या या भागात पावसाळ्यात घरातील धान्य संपले की सावकाराकडून खाण्यापुरते धान्य उसने घ्यावे लागे आणि सुगीनंतर ते चढ्या वाढीने फेडावे लागे. यावर उपाय म्हणून कोतवाल यांनी धान्यकोठ्या उभारल्या. निरक्षर शेतकऱ्यांसाठी त्यांनी शाळाही चालविल्या.

१९४२ च्या ‘छोडो भारत’ आंदोलनात ते भूमिगत झाले व त्यांनी ‘आझाद दस्ता’ स्थापन केला. मुंबईकडे वीज वाहून नेणारे मनोरे पाडून कारखाने व रेल्वे यांचा वीजपुरवठा खंडित करणे, हे या दस्त्याचे प्रमुख कार्य होते. दस्त्यातील हिराजी पाटील हे मानिवलीचे असून त्यांचे वडील गोमाजी पाटील हेही या लढ्यात सहभागी होते.

सिद्धगड येथील स्मरण

सिद्धगडाच्या पायथ्याच्या परिसरात कोतवाल व पाटील या दोघांचे स्मारक आहे. दरवर्षी २ जानेवारीला येथे अभिवादनासाठी लोक जमतात. गडावर जाणाऱ्या गिर्यारोहकांच्या वाटेवरच हे स्थळ असल्याने, इतिहासाची विशेष माहिती नसलेल्यांनाही या दोघांची नावे तेथे प्रथम भेटतात. माथेरान व मानिवली आज रायगड जिल्ह्यात, तर सिद्धगड ठाणे जिल्ह्यात आहे; त्यामुळे ही स्मृती दोन्ही जिल्ह्यांत सामाईक आहे.

जयंती, नामकरण व चित्रपट

राज्यातील नाभिक समाजाच्या संस्था कोतवाल यांची जयंती साजरी करतात. संत सेना महाराज व जिवा महाला यांच्याप्रमाणेच कोतवाल यांनाही या समाजात मानाचे स्थान आहे. मुंबईत दादर पश्चिमेला प्लाझा चित्रपटगृहाजवळील उद्यान ‘वीर कोतवाल उद्यान’ या नावाने ओळखले जाते. एकनाथ देसले दिग्दर्शित ‘शहीद भाई कोतवाल’ हा मराठी चित्रपट जानेवारी २०२० मध्ये प्रदर्शित झाला. त्यात आशुतोष पत्की यांनी कोतवाल यांची भूमिका केली.

स्मरणाचे स्वरूप

‘वीर’, ‘शहीद’ व ‘हुतात्मा’ ही कोतवाल यांच्या नावामागे लावली जाणारी विशेषणे त्यांच्या अखेरच्या काही महिन्यांशी संबंधित आहेत. ‘भाई’ हे संबोधन मात्र हयातीतील लोकसंबंधांतून आलेले आहे. सार्वजनिक स्मरणाची तिथी व स्थळ मृत्यूशी जोडले गेल्याने, धान्यकोठ्या व शाळा यांचे कार्य तुलनेने मागे पडते. सिद्धगडावर हिराजी पाटील यांचे नाव कोतवाल यांच्या बरोबरीने घेतले जात असले, तरी उद्यानाच्या व चित्रपटाच्या नावात ते नाही.

तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील १९४५ च्या वारली आदिवासींच्या लढ्याचे स्मरण वेगळ्या मार्गाने झाले. त्या लढ्याच्या नेत्या गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) या पुस्तकात स्वतःचे अनुभव लिहिले. या पुस्तकाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. परिणामी वेठबिगारी, मजुरी व संघटनबांधणी हे विषय त्या लढ्याच्या स्मृतीचा गाभा राहिले. वयाच्या तिसाव्या वर्षी मृत्यू आलेल्या कोतवाल यांची प्रतिमा मात्र मुख्यतः इतरांनी घडविली. सावकारी पाशाविरुद्धचे त्यांचे कार्य हुतात्म्याच्या प्रतिमेत किती टिकते, हे पुढील पिढ्या कोणत्या प्रसंगांची पुनरावृत्ती करतात यावर अवलंबून आहे.