अर्धं घर विकत घेताना

परवा नागपूरहून मैत्रिणीचा फोन. घटस्फोट झालाय, मनीषनगरचा फ्लॅट तिला ठेवायचाय. "त्याचा अर्धा हिस्सा घेता येईल असा काही कायदा आहे का रे?"

आहे की! चक्क १८९३ चा. घराची नीट वाटणी होत नसेल आणि निम्म्याचा हिस्सेदार कोर्टात "विकून टाका" म्हणाला, तर दुसऱ्याला त्याचा हिस्सा कोर्टाने ठरवलेल्या किमतीला घेता येतो. इंग्रजांच्या डोळ्यांसमोर बहुधा भांडणारे भाऊ असावेत. जातीची रूढी सोडली तर हिंदूंना तेव्हा घटस्फोट होता कुठे? मुंबई प्रांताने तो १९४७ मध्ये दिला. नागपूर पडलं मध्य प्रांतात, त्यामुळे आमच्याकडे थेट १९५५!

पैशांचं काय? १९७७ मध्ये एचडीएफसी आली आणि पगारदारांना गृहकर्ज मिळू लागलं. पण गंमत अशी की कोर्टाने नातं तोडलं तरी जोडकर्ज तुटत नाही. बँकेच्या लेखी दोघंही देणेकरी.

समजा, फ्लॅट ६० लाखांचा, कर्ज ३० लाख बाकी. उरलेल्या ३० मधले त्याचे १५. म्हणजे तिला एकटीच्या पगारावर ४५ लाखांचं नवं कर्ज हवं. मग नोंदणीकृत हक्कसोडपत्र.

"पगाराच्या स्लिपा पाठव," म्हटलं.